मानस

गेल्या दोन आठवड्यांत...
फॉर्म इथून सुरू होतो
आणि बहुतेक वेळा इथेच अडतो.
कार्मेलिना विचारते, कुठचे दोन गे बाय?
सुईआधीचे की सुईनंतरचे?
सुईनंतरचे मी मोजत नाही.

बांबोळीला, ओपीडीच्या मागल्या व्हरांड्यात माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली एक्स-रेचा दुमडलेला लखोटा.
नऊ प्रश्न. चार रकाने.
अजिबात नाही, काही दिवस,
अर्ध्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज.
पाच मिनिटांचं काम, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं,
पणजीच्या गार हॉलमध्ये, समोसे यायच्या आधी.

केरीच्या सत्यवतीबाईंची सून सगळी उत्तरं स्वतःच देते.
आई खूश असतात. आई जेवतात. झोप? मस्त.
मी म्हणते, जरा दोन चहा आणता?
ती वळणापलीकडे गेली की
बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळतात, सोडतात, गुंडाळतात.
मग म्हणतात, लिही. रोज.
कुठल्या प्रश्नाला?
चहा येईस्तोवर सगळ्यांना लिही.

भूक नाही, झोप नाही, अंगात त्राण नाही:
हे औषधाचं की मनाचं, त्याला रकाना नाही.
पेन हवेत राहतं.

सोयरू फेरीतून आला, दिवाडीहून.
गळ्याला भोक, त्यावर पातळ पांढरं फडकं.
शिमग्यापासून आवाज नाही.
फॉर्मचं शीर्षक त्याने बराच वेळ वाचलं,
'मानसिक' शब्दावर अंगठा ठेवला
आणि शेवटचं अक्षर झाकलं.
उरलं ते मला दाखवलं. मानस.
मग स्वतःच्या छातीवर बोट.
चार बोटं, मग मूठ. चाळीस वर्षं.

मी डिचोलीची, डोंगराकडची, मला थोडं उशिरा कळलं.
खाजनाच्या बांधातलं ते लाकडी दार.
भरती चढली की पाण्याच्याच रेट्याने मिटतं,
ओहोटीला उघडतं.
हा त्याचा राखणदार.

दोन आठवडे त्याला समजावावे लागले नाहीत.
पाठीमागच्या कोऱ्या बाजूला त्याने लिहिलं:
अवस ते पुनव. दोन उधाणं, मधे भांग.
खाली, अक्षर आणखी बारीक करून:
उधाणाआधी बांधावरून अनवाणी चालायचं. रात्री.
कुर्लीचं बीळ डोळ्याला दिसत नाही, टाचेला कळतं.
तेव्हा एक मूठ चिखल पुरतो.
नंतर गाव लागतो.
आणि मीठ शिरलं की तीन वर्षं भात नाही.

प्रशिक्षणात हे कुणी इतकं थोडक्यात सांगितलं नव्हतं.

नववा प्रश्न मी नेहमी हळू वाचते.
आपण नसलेलं बरं, असं कधी...
त्याने टेबलावर टकटक केली, कानाला हात लावला.
ऐकू येत नाही.
मग मोठ्याने वाचला.
बाकावरची कुजबुज थांबली,
कुणाच्या तरी पिशवीतला डबा खाली पडला, कुणी उचलला नाही.
त्याने पेन्सिल घेतली. 'काही दिवस'वर खूण केली.
आणि समासात एक छोटं वर्तुळ काढलं,
गिरवलं, काळं होईपर्यंत गिरवलं.

बेरीज बारा.
दहाच्या वर चिठ्ठी: गुरुवार, दुसरा मजला.
संगणकावरची पोरगी विचारते, हे समासात काय, डाग?
मी म्हणते, बीळ.
ती म्हणते, कुठे भरू?

तो उठला नव्हता.
फॉर्मांच्या गठ्ठ्याकडे बोट, मग दाराबाहेर, नदीच्या दिशेला,
मग कपाळावर कुंकवाची खूण.
घरी ती आहे. तिला कुणी विचारत नाही.
नियमात बसत नाही. दिला.
रुग्ण क्रमांकाची जागा मी कोरी सोडली.
तारखेच्या जागी त्यानेच लिहिलं:
अष्टमी. पाणी कमी.